पोटमाळ्यावरचा चॉपर

आमच्या ऑफिसात फायली धूळ खातात, किस्से मात्र ताजे राहतात. गिरगावात सावंत मॅडम फौजदारी वकिली करतात, मी त्यांची ज्युनिअर. पूर्वी चहाबरोबर किस्से निघाले की खिदळायचो. हल्ली सगळे दिलीपच्याच फायलीतले निघतात आणि डोकं फिरतं!

दिलीप भोईवाड्याचा. दोन खुनांसाठी सेशन्स कोर्टाने त्याला फाशी सुनावली. सही करून जज्जसाहेबांनी पेनाची निब मोडली, तशी रीत आहे म्हणे. बाहेर त्याची आई, शेवंतामावशी, शिपायाला विचारतेय, "साहेबांच्या बोटाला लागलं नाही ना?"

पोराला फाशी, आणि हिला साहेबांच्या बोटाची काळजी!

*

पुरावा काय, तर रक्ताने माखलेला चॉपर. दिलीपच्या खोलीतल्या पोटमाळ्यावर सापडला, असा पंचनामा. पंच कोण? पोलीस स्टेशनसमोरचा वडापाववाला! मी त्याला गाठलं. "काका, त्या खोलीत पाय तरी ठेवला होतात का?"

"ताई, गाडी लावायची तर सही करावी लागते."

"हे कोर्टात बोलाल?"

"आणि मग गाडी काय तुमच्या ऑफिसात लावू?"

*

हायकोर्टात केस आमच्याकडे आली. कँटीनमध्ये सरकारी वकील आमच्या मॅडमना म्हणतात, "पोलिसांनी एवढं लिहिलंय म्हणजे काहीतरी केलंच असणार."

मॅडम भडकल्या. "लग्नाच्या बायोडेटात तुम्ही 'शांत स्वभाव' लिहिलं होतंत. वहिनींना फोन लावू का?"

*

मावशी प्रत्येक तारखेला येऊन बाकावर बसायची. एकदा मी सहज विचारलं, "मावशी, पोटमाळा केवढा आहे हो तुमचा?"

"कसला पोटमाळा? आमच्या खोलीत वर थेट पत्रे!"

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलंच नाही."

आधीचा वकील दिलीपशी दहा मिनिटंही धड बोलला नव्हता. त्याला काय शिव्या घालायच्या? गिरगावहून भोईवाडा असा कितीसा लांब? आम्हीही फाईलच वाचत बसलो होतो!

मॅडम उठूनच उभ्या राहिल्या. "मावशी, या एका गोष्टीवर पोरगा सुटेल तुमचा! खोलीचे फोटो काढून कोर्टाला दाखवू."

आणि मग? आज ही तारीख, उद्या ती सुट्टी, परवा मॅडम बाहेरगावी. तीन महिने गेले. सांगायला लाज वाटते.

*

शेवटी फोटोग्राफरला घेऊन आम्ही भोईवाड्याला पोचलो. मावशी दारातच उभी, चेहरा फुललेला. "या मॅडम, या! ताई, आधी वर बघा."

वर कोरं प्लायवूड, टेकवलेली शिडी, धुतलेली चादर, उशी.

"सुटणार म्हणालात ना! मग त्याला झोपायला जागा नको? गेल्याच आठवड्यात मिस्त्री बोलावून पोटमाळा बांधून घेतला!"