कडप्प्यावरचं पातं

माझ्या पात्यानं दुधाची पिशवी बायकोनं कापली नव्हती. हे कळल्यावरही मी महिनाभर गप्प बसलो. खरी चूक ती. त्याआधीची नुसती मूर्खपणात मोडते.

सासरे दौंडला रेल्वेत फिटर होते. त्यांच्या पंचाहत्तरीला डिझेल इंजिनाची हातभर लांबीची प्रतिकृती द्यायची, असं मी ठरवलं. पातळ प्लास्टिकची शीट आणली आणि पातं निवडायला बसलो. बायको पसंत करायला मला एक दुपार पुरली होती. पात्याला अख्खा पावसाळा गेला. कटरचं पातं लवतं. दाढीचं ब्लेड अर्धं मोडायला गेलो, तर आधी बोट कापलं. शेवटी सर्जिकल ब्लेडवर आलो. दहा नंबरचं पोटाशी गोल, अकरा नंबरचं टोकदार. व्हिडिओतले लोक अकरावर भांडत होते, म्हणजे तेच उत्तम.

शिरूरच्या मेडिकलवाल्यानं विचारलं, "ऑपरेशन कुणाचं, सर?"

"इंजिनाचं."

त्यानं पुडी दिली आणि माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

पहिल्या दोन खिडक्या झक्क निघाल्या. मग पातं कापायचं सोडून शीट चावायला लागलं. केबिनचं छत एका बाजूला उतरलं. त्याच सकाळी ओट्यावर पिशवीचा कापलेला कोपरा दिसला होता. मी चौकशी न करता निकाल दिला.

"मी दातानं फाडते पिशवी," बायको म्हणाली. "लग्नापासून बघताय की."

मी काही बघितलेलं नव्हतं.

पंचाहत्तरीला दौंडला सगळे जमले. जय भीम झाले, केक झाला. सासऱ्यांनी इंजिन डोळ्यांजवळ धरलं. "जावईबापू, रुळावरनं घसरलंय का वो हे?"

"तुमच्या लेकीनं माझ्या पात्यानं दुधाची पिशवी कापली, मामा."

घर हसलं. तिचा भाऊ म्हणाला, "ताई, इंजिनाला दूध पाजलं व्हय!" तेव्हापासून माहेरच्या प्रत्येक फोनची सुरुवात तीच: "काय, कापली का पिशवी?" हळूहळू तिनं फोन उचलणं सोडलं. भाऊबीजेला जायचं नाही म्हणाली.

दरम्यान दौंडला दिलेल्या इंजिनाचं छत नव्यानं करायला मी पुडीतून कोरं पातं काढलं. दोन कापांतच ते बोथट झालं. शीट उचलली, तर खाली ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर पांढऱ्या रेघा. खाली रबरी मॅट घ्यायची असते, हे प्रत्येक व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगतात. ते मिनिट मी पुढं ढकलायचो. पात्यावर एवढा अभ्यास केला, ते कशावर टेकतं ते पाहिलंच नाही.

मी रेघांवर तेलाचा हात फिरवला. तेल वाळल्यावर त्या पुन्हा उठून दिसल्या.

भाऊबीजेला तिला कसंबसं गाडीत बसवलं. दौंडला ओवाळणी झाली, ती ताटं लावायला आत गेली आणि मेव्हण्यानं तिच्या मागून तोंड उघडलं, "ताई, पिशवी..."

"थांबा," मी म्हणालो. "पातं मी दगडावर घासून घालवलं. मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. तिचा काही संबंध नाही."

सासरे म्हणाले, "आतल्या बायकांना न्हाई ऐकू गेलं."

मी उठलो, स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती सगळ्यांत मागं, ताटं लावत होती.

"पिशवी हिनं कापली नव्हती. मी खोटा आळ घेतला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, आणि मग तिला, "चुकलो. मला माफ कर."