पंपाच्या अलीकडे उतरा

आमचे शेवटचे बोलणे रुग्णालयात झाले. माझी धाकटी बहीण कुसुम उशांना टेकून बसली होती. तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. डॉक्टरांनीही जवळजवळ टेकलेच होते. प्रकृतीची चौकशी तिला आवडत नसे, म्हणून मी केली नाही. तिनेच विचारले, "दादा, पोरांना शाळेत कोण नेतंय?"

हा प्रश्न टाळता आला असता. मी टाळला नाही. तिला खोटे ऐकण्याची सवय नव्हती आणि मला सांगण्याची. "दिनेश नेतो," मी म्हणालो.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"सईलाही?" सई म्हणजे माझी नात.

"सईलाही."

ती उशीवरून थोडी पुढे झाली. मग म्हणाली, "त्याच्या व्हॅनमधला सिलिंडर मागच्या बाकाखालीच आहे ना अजून?" मी मान हलवली. "मग तिला पुढे बसव म्हणावं…" आणि लगेच, "नको. पुढेही नको." यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. थकली होती की रागावली होती, हे मला कळले नाही. दोन दिवसांनी ती गेली.

वसईजवळच्या उमेळ्यातील आमच्या इमारतीखाली शोकसभा झाली. खुर्च्या मांडल्या होत्या, फोटोला हार होता. सोसायटीचे सेक्रेटरी उभे राहून म्हणाले की, कुसुमताईंच्या हाती मुले सोपवली की आम्ही निर्धास्त असायचो. माना डोलल्या. कुणी पदर डोळ्यांना लावला. मी पहिल्या रांगेत बसून त्या माना एकेक करून पाहत होतो. त्यांतील बहुतेकांनी कुसुम जिवंत असतानाच आपली मुले तिच्या व्हॅनमधून काढून दिनेशच्या व्हॅनमध्ये घातली होती. जी उरली होती, ती कुसुम आजारी पडल्याच्या दुसऱ्या सकाळी गेली. निर्धास्त होते म्हणे. निर्धास्त ते आजही आहेत. माझी तक्रार तीच आहे.

कुसुम मुंबईत एका औषध कंपनीच्या कचेरीत नोकरीला होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने गाशा गुंडाळला. ती एकटी होती, पन्नाशीला टेकली होती, आणि घरी बसणे तिला जमणारे नव्हते. तिने वाहन चालवण्याचा परवाना काढला आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. मुलांची शाळा वसई गावात. उमेळ्याहून रिक्षाने पाठवावे तर एकेका रिक्षात दाटीवाटीने कोंबलेली मुले मी स्वतः पाहिलेली आहेत. त्यामुळे बाईमाणूस व्हॅन चालवते म्हटल्यावर आयांना हायसे वाटले. मुले तिला मावशी म्हणू लागली. आया ताई म्हणत. वडील मंडळी पाठीमागे काय म्हणत, ते मी जिन्यात ऐकत असे.

तिची शिस्त पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. गाडीला एक फेरी मारायची, वाकून खाली पाहायचे, मग आसनावर बसायचे. बसल्यावर आधी पाठ टेकायची, मग आरसे. आतला आरसा असा की मागची काच पूर्ण दिसावी, मुलांची तोंडे नव्हे. "पोरं भांडतायत ते मला कानांनी कळतं," ती म्हणे. बाहेरच्या दोन्ही आरशांत स्वतःच्या गाडीची एक बारीक कड दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. हे दररोज. गाडी तिच्याखेरीज कुणी चालवत नसे, तरीही. एकदा तळमजल्यावरच्या गृहस्थांनी विचारले, "कुसुमताई, विमान उडवायचंय का?" ती काच पुसत म्हणाली, "विमानाच्या मागे पोरं खेळत नाहीत हो, जोशी."

शाळेच्या नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ती मुलांचा एक वर्ग घेत असे. एकेकाला चालकाच्या आसनावर बसवायचे आणि बाकीच्यांना गाडीच्या मागे उभे करायचे. "कोण दिसतंय?" आसनावरचे मूल तिन्ही आरशांत शोधायचे आणि म्हणायचे, कुणीच नाही. मागे आठ-दहा मुले दात काढत उभी असायची. मग आसनावरच्याला खाली उतरवून ती मुले दाखवायची. "तुला दिसली नाहीत ना? मलाही दिसत नाहीत. चेंडू तिकडे गेला तर गेला. मी नवा आणून देईन." चेंडू तिने अनेक आणून दिले. हे मला माहीत आहे, कारण ते मीच स्टेशनजवळून आणत असे.

खटका उडाला तो पेट्रोलवरून. तिचा नियम असा होता की गाडीत मुले असताना पेट्रोल भरायचे नाही. शक्यतो ती दुपारी रिकाम्या गाडीने जाऊन भरून येई. पण कधी दुपारी पंपावर पेट्रोल संपलेले असे, कधी गाडी दुपारभर दुरुस्तीला गेलेली असे; मग परतीच्या वाटेवर थांबावे लागे. अशा वेळी ती पंपाच्या अलीकडे, कंपाउंडबाहेर, नारळीच्या सावलीत गाडी उभी करी. "उतरा." सगळी मुले दप्तरांसह खाली. त्यांच्याजवळ थांबायला ती पंपाशेजारच्या फुलवालीला सांगून ठेवी. मग एकटी आत जाई, इंजिन बंद करी, पेट्रोल भरी, झाकण स्वतः फिरवून पाही, बाहेर येऊन मुलांना पुन्हा चढवी आणि सरकता दरवाजा स्वतःच्या हाताने लावी. यात वेळ जाई. मुले घरी उशिरा पोचत. त्यांच्या शिकवण्या असत, मालिका असत.

आमच्याच मजल्यावरच्या एका आईने तिला जिन्यात गाठले. "अहो ताई, सगळ्यांच्या गाड्या पंपावर जातात. आजपर्यंत कुणाची पेटली का?"

कुसुम म्हणाली, "पेटल्यावर उतरवू का?"

त्या बाईंनी पुढच्या महिन्यात मुलगा काढला.

सेक्रेटरींचे प्रकरण माझ्यासमोर घडले. ते आणि मी स्टेशनवरून तिच्या रिकाम्या गाडीतून परत येत होतो. त्यांची स्कूटर इमारतीखाली कोरडी पडली होती, म्हणून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन ती त्यांनी ऑफिसच्या बॅगेत ठेवली होती. निघून थोडे अंतर गेलो असू. कुसुमने नाक वर केले, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले.

"बाटली कुणाकडे आहे?"

"अहो, बूच घट्ट आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"वास बुचातूनच आला मग. बाटली उतरेल, नाहीतर तुम्ही."

"ताई, पाच मिनिटांचा रस्ता आहे."

"चालत जा, वीस मिनिटांचा आहे."

ते उतरले. शोकसभेत निर्धास्त हा शब्द वापरणारे गृहस्थ हेच. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून ते तिला जे म्हणाले, ते छापण्याजोगे नाही. ती काचेतून इतकेच म्हणाली, "बॅग उन्हात ठेवू नका."

एक माणूस मात्र तिच्या बाजूने होता, आणि ती बाई होती. पाचूबंदरच्या एका कोळणीची दोन नातवंडे कुसुमच्या गाडीने जात. ती आमच्या इमारतीत मासळी घेऊन येई. आयांची कुरकुर ऐकून ती टोपली खाली ठेवत म्हणाली, "आमच्या बोटीन डिझेल भरताना कोन बिडी पेटवील तर नाखवा त्याला बिडीसकट पान्यान टाकील. आन् तुमी पोरांना इंधनावर बसवता, वर आमाला शिकवता? कुसूमबाय, माझी दोनी पोरा तुझ्याच गाडीन येतील." त्या दिवशी तिने पापलेट कुणालाही कमी दरात दिले नाही.

मग दिनेश आला. तरुण, चटपटीत, मुलांशी गोड बोलणारा. त्याची व्हॅन घरगुती गॅसच्या लाल सिलिंडरवर चालत असे. सिलिंडर मागच्या बाकाखाली, त्यावर चादर, चादरीवर मुले. पेट्रोलपेक्षा गॅस स्वस्त, म्हणून महिन्याचे पैसे कमी. सिलिंडर संपला की घरचा दुसरा लावायचा, म्हणून पंपावर थांबणेही नाही. मी स्वतः पाहिले आहे, मुले आत बसलेली असताना तो कोपऱ्यावर सिलिंडर बदलत होता आणि शेजारी चहाच्या टपरीचा स्टोव्ह फरफरत होता. हा कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्या इमारतीत प्रत्येकाला ठाऊक होते. ही माणसे अडाणी नाहीत. सकाळी वर्तमानपत्र वाचतात, घरातल्या शेगडीचा रेग्युलेटर रात्री बंद करून झोपतात. तोच सिलिंडर मुलाच्या बुडाखाली ठेवायला मात्र त्यांची हरकत नव्हती, कारण सगळेच ठेवत होते.

कुसुमने तक्रार केली. शाळेत केली, चौकीवरही केली. शाळेने सांगितले, वाहनाची निवड पालकांची आहे. चौकीवर सांगितले, बघतो. पालकांनी सांगितले, ताई, तुमचा धंदा बुडतोय म्हणून तुम्ही त्याच्या पोटावर पाय देताय. हे शेवटचे वाक्य तिला लागले. तिने ते मला एकदाच सांगितले, भाजी निवडताना, आणि पुन्हा कधी त्याचा उच्चार केला नाही.

वाचक आता अपेक्षा करत असतील की एके दिवशी दिनेशची गाडी पेटली. नाही. ती पेटली नाही. आज सकाळीही ती आमच्या फाटकातून मुलांनी भरून गेली. मला संताप येतो तो इथेच. कुसुमने इतकी वर्षे मुले नेली आणि काही झाले नाही. दिनेश नेतो आहे आणि काही झाले नाही. लोकांच्या हिशेबी दोन्ही सारखेच, फक्त कुसुम महाग आणि उशिरा. काळजीची खूण मागे राहत नाही. जे मूल गाडीच्या मागे गेले नाही, त्याचे नाव कुणाला माहीत नसते. त्या मुलालाही नसते. आणि निष्काळजीपणाला रोज संध्याकाळी प्रशस्तिपत्र मिळते: पाहा, मुले आली घरी.

तिच्या तेराव्याला दिनेश आला. नमस्कार केला, चहा घेतला. जाताना म्हणाला, "काका, मावशींची गाडी विकणार असाल तर मला सांगा. मेंटेन केलेली आहे. गॅस किट बसवून घेतो, मग मलाही परवडेल."

"विकायची नाही."

"उभी राहून सडेल हो काका."

"सडू दे."

त्या रात्री मी माझ्या मुलाला, मिलिंदला, सांगितले की सईने उद्यापासून दिनेशच्या गाडीने जायचे नाही. तो आणि सूनबाई दोघेही पहाटे मुंबईला निघतात, रात्री परततात. त्याची अडचण खरी आहे. मी ती नाकारत नाही.

"बाबा, वसईतल्या सगळ्या व्हॅन अशाच आहेत. आत्या होती तोवर ठीक होतं. आता पर्याय काय?"

"मी नेईन. बसने जाऊ, पुढे चालत."

"तुमचे गुडघे?"

"माझे आहेत. मी बघून घेईन."

"किती दिवस नेणार?"

"नेईन तितके."

तो चिडला. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही आत्यांसारखंच बोलायला लागलात." तिने ते कौतुकाने म्हटले नव्हते.

तेव्हापासून मी नेतो. बस आम्हाला शाळेच्या अलीकडच्या नाक्यावर सोडते. तिथून पुढचा रस्ता अरुंद आहे. एका बाजूला वाडीचे दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला व्हॅनची रांग. गिरीजच्या वाड्यांतून येणाऱ्या गल्ल्यांत कुंपणाला घासू नये म्हणून चालक डाव्या बाजूचा आरसा मिटून घेतात आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर उघडायला विसरतात. विसरतात असे मी सभ्यपणाने लिहितो. इथे निम्म्या गाड्या दिवसभर एका डोळ्याने आंधळ्या असल्यासारख्या फिरतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही.

पहिल्या आठवड्यातील गोष्ट. रांगेत दिनेशची व्हॅन सुरू होती, मुले उतरवून निघण्याच्या बेतात. ती आणि कुंपण यांच्यामधून आम्हाला पुढे जायचे होते. सई गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी थांबली. मी म्हणालो, चल, उशीर होतोय. ती हलली नाही.

"त्याचा आरसा मिटलाय," ती म्हणाली.

"मग?"

"आत्याआजीनं सांगितलंय, आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसले तरच पुढे जायचं. आपल्याला त्याचे डोळे दिसले, की त्याला आपण दिसतो."

हे मला ठाऊक नव्हते. कुसुम मुलांना हेही शिकवत होती, याची मला कल्पना नव्हती… मी सईशेजारी थांबलो. मागे आणखी दोन-तीन मुले थांबली, त्यांच्या मागे आया. रांग तुंबली. एक बाई म्हणाल्या, "काय झालं? जा ना पुढे." दिनेशने हॉर्न वाजवला. मग खिडकीतून डोके बाहेर काढून ओरडला, "काका, काय तमाशा आहे? जा की."

 सईने हात लांब करून मिटलेल्या आरशाकडे बोट दाखवले आणि ते तसेच धरून ठेवले. दिनेश पुटपुटला. मग शेजारच्या आसनावर आडवा होऊन त्याने काच खाली केली, हात बाहेर घातला आणि आरसा उघडला. त्यात आधी आकाश आले, मग कुंपण, मग त्याचे रागावलेले डोळे.

सई पुढे गेली. मी तिच्या मागून गेलो.

दुसऱ्या दिवशी तो आरसा पुन्हा मिटलेला होता. सई पुन्हा थांबली.