वन्स मोअरला परत न आलेली बाई

आमची प्रेमावहिनी गोष्टी लिहिते हे सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तिची एकही गोष्ट कुठे छापून आली नव्हती. मी तिची नणंद, नंदा. शाळेत गाणं शिकवते, संगीत नाटकांत कामं करते, त्यामुळे मुलुंडात मला सगळे ओळखतात. निदान मला तरी तसं वाटतं, आणि त्यात कुणी हसायचं काम नाही. वहिनीला मात्र देवाने आवाज घाईघाईत दिलेला. आरतीलासुद्धा ती नुसत्या टाळ्या वाजवते.

बाई मूळची लालबागची. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसं त्यांचं बिऱ्हाड मुलुंडला आलं. लग्नानंतर वहिनीने औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला बरीच वर्षं काढली. मग कारखाना गुजरातेत गेला आणि ही घरी बसली. बसली हा शब्द माझा नाही हं, माझ्या भावाचा. राजेशच्या मते घरात असलेली बाई बसलेलीच असते, मग ती सकाळपासून ओट्याशी उभी का असेना! दुपारी भांडी आवरली की ती जेवणाच्या टेबलावर लिहायला घ्यायची. राजेश म्हणायचा, "काय लेखिकाबाई, चहा मिळेल का?" ती निमूट आधण ठेवायची आणि उकळी फुटेपर्यंत उभ्यानेच अजून चार ओळी खरडायची. गोष्ट पाठवायची, ती परत यायची, ही पुन्हा दुसरीकडे पाठवायची. इतका हट्टीपणा मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

तिला एकच हवं होतं. एकदा तरी आपली गोष्ट दिवाळी अंकात यावी. लालबागच्या चाळीत एक अंक दहा घरांत फिरायचा, त्याची पानं तिने लहानपणी शिळी झाल्यावर वाचलेली. आपलं नाव असलेला कोरा अंक हातात घ्यायचा, एवढीच तिची मागणी.

तिला नाटकात मी ओढलं. नितेश नावाचा आमचा दिग्दर्शक स्वतःच लिहिलेलं 'संगीत चूलबंद' हे नाटक बसवत होता. गिरणगावातल्या एका खानावळवालीची गोष्ट. ती मी. प्रॉम्प्टरचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून मी वहिनीला म्हटलं, "गायचं नाहीये, विंगेत बसून वाचायचं आहे. चल." ती आली, आणि आमच्या डोक्याला ताप झाला.

कारण ही प्रश्न विचारायची. मी दुसऱ्या अंकात भाकऱ्या थापता थापता एक पद म्हणते, चांगलं भूपातलं, तानांना भरपूर जागा. वहिनी म्हणाली, "नंदा, तू आत्ता का गातेस गं?"

"म्हणजे काय? संगीत नाटक आहे!"

"ते कळलं. पण तुझं बोलून भागतंय की. मघाशी जे बोललीस तेच पुन्हा गातेस. बोलून भागत असेल तर गायचं कशाला?"

मी अशी उखडले म्हणून सांगू! माझं सगळ्यात गोड पद, आणि ही पॅकिंगवाली मला शिकवणार? हो, तेव्हा मनात हाच शब्द आला, खोटं कशाला बोलू. नितेशने मात्र डोकं खाजवलं आणि दुसऱ्या दिवशी पद कापलं. मी आठवडाभर वहिनीशी धड बोलले नाही.

नंतर कळलं, तिने स्वतःवरही तीच कात्री चालवली होती. तिची गोष्ट होती बहीणभावाची. भाऊ गोड बोलून बहिणीचा कोकणातल्या घरातला हिस्सा लाटतो आणि वर निर्लज्जासारखा तिच्या दारात येतो, चल, झालं गेलं विसर म्हणून. बहीण दार लावून घेते. आधीच्या खर्ड्यात ही बहीण पानोपानी रडायची. वहिनीने सगळं रडणं काढून टाकलं आणि एकाच जागी ठेवलं, दार लावल्यानंतर. "तालमीत पाहिलं ना मी," ती म्हणाली, "तू सारखी गायलीस की पेटीवालासुद्धा घड्याळ बघतो. बराच वेळ गप्प राहून गायलीस की तोच मान वर करतो." मी ती गोष्ट वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन नाक शिंकरून आले. झकास झाली होती, खरंच सांगते.

आणि ती स्वीकारली गेली! एका बऱ्यापैकी दिवाळी अंकाच्या संपादकांचा गणपतीनंतर फोन आला. वहिनीने स्पीकर लावला होता, म्हणून मीही ऐकलं. गोष्ट फार आवडली म्हणाले. फक्त शेवट तेवढा बदला. "ताई, दिवाळी अंक आहे. भाऊबीज आहे. तिने दार उघडावं, भावाला ओवाळावं. वाचकांचे डोळे भरून येतील बघा." वहिनी म्हणाली, विचार करते.

"विचार कसला करतेस?" मी ओरडलेच. "एक पान बदलायचं आहे, आयुष्य नाही!"

"बघते गं," म्हणाली.

तेवढ्यात आमचा पहिला प्रयोग आला, मुलुंडलाच. शेवट असा, की नवऱ्याने बायकोला न विचारता खानावळ विकलेली असते. ती काही बोलत नाही. चूल विझवते, हात धुते, एक पद म्हणते आणि दारातून निघून जाते. मग नवरा दुसऱ्या बाजूने येतो, पाटावर बसतो आणि म्हणतो, "वाढ गं, भूक लागलीय." घरात कुणी नाही. पडदा.

त्या दिवशी माझा आवाज असा लागला होता! मी पद संपवून विंगेत आले आणि थिएटर फुटलं. वन्स मोअर! वन्स मोअर! इतकी वर्षं मी छोटी छोटी कामं केली, पण वन्स मोअर कधी पडला नव्हता. आणि आमच्याकडे वन्स मोअर नाकारत नाहीत. मेलेलं पात्रसुद्धा उठून गातं आणि पुन्हा मरतं, त्याला कुणी हरकत घेत नाही. मी धावतच परत गेले. नवऱ्याचं काम करणारा जयवंत बिचारा तोवर पाटावर येऊन बसला होता. मी त्याच्या पुढ्यातच अख्खं पद पुन्हा म्हटलं, तानांसकट. माझ्याकडे बघावं की ताटाकडे, हे त्याला कळेना. टाळ्या घेऊन मी पुन्हा निघून गेले. मग तो म्हणाला, "वाढ गं, भूक लागलीय," आणि सगळं थिएटर खो खो हसलं.

मला काय त्याचं? मी हवेत होते. मेकअप उतरवता उतरवता वहिनीला म्हटलं, "ऐकलास ना वन्स मोअर?"

"ऐकला," ती म्हणाली. "गायलीसही सुंदर. पण तू परत आलीस आणि ती बाई गेलीच नाही बघ. लोकांना वाटलं, हाक मारली की येते ही. मग त्याच्या भुकेला हसतील नाही तर काय करतील?"

"लोकांनी मागितलं म्हणून दिलं!"

"संपादकांनीही मागितलंच आहे," ती म्हणाली आणि कपडे ट्रंकेत भरू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने फोन करून नाही म्हणून सांगितलं. संपादकांनी समजावलं, मग जरा कडक झाले. पानं लागायची वेळ आहे, तुमच्या जागी दुसरी कथा घ्यावी लागेल. "घ्या," म्हणाली. फोन ठेवून ती बराच वेळ गॅलरीत उभी राहिली. आत आली तेव्हा डोळे लाल होते. राजेश म्हणाला, "एवढं काय अडलं होतं? ओवाळू द्यायचं की त्या बाईला." वहिनी त्याला म्हणाली, "चहा पाहिजे तर ठेवा. मलाही अर्धा कप." त्यांचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी माझ्या भावाला पातेलं शोधताना पाहिलं.

मी मात्र तिच्यावर भडकलेलीच होते. इतकी वर्षं घासली आणि ऐनवेळी लाथ मारली! वाट लावलीस स्वतःची, असं तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "असू दे. ते दार मी खूप मुश्किलीने लावलंय, नंदा." मला वाईटही वाटत होतं आणि रागही येत होता.

दुसरा प्रयोग बोरिवलीला. हाऊसफुल्ल. नितेशने आधीच सांगून ठेवलं होतं, "नंदाताई, वन्स मोअर पडला की सोडायचा नाही. त्याच्यावरच पुढचे प्रयोग लागतात." मी हो म्हटलं. जयवंतला सांगितलं, थांबून ये. सगळं ठरलं होतं.

मी चूल विझवली, हात धुतले, गायले आणि दारातून बाहेर पडले. विंगेत समोरच स्टुलावर वहिनी, मांडीवर संहिता. बाहेर गर्जना सुरू झाली. वन्स मोअर! पाय आपटत होते लोक. पलीकडच्या विंगेतून नितेश हाताने बोलावत होता, जा, जा. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता. माझं अंग नुसतं तिकडे धावत होतं, देवाशपथ, भुकेल्या माणसाने ताटाकडे धावावं तसं. मी वहिनीकडे पाहिलं. तिने काही खूण केली नाही. ती मला अडवणार नव्हती. तिचं तिने ठरवलं होतं, माझं मला ठरवायचं होतं.

मी केसातला गजरा काढला आणि खाली जमिनीवर बसले. "नाही जायची मी," मी म्हटलं. "घरातून गेलेली बाई आहे."

नितेशने कपाळावर हात मारला. लोक ओरडत राहिले, चिडले, कुणीतरी शिटी मारली. पेटीवाल्याने शेवटी सूर सोडला. आवाज एकेक करून बसत गेले. रिकामी चूल, रिकामं घर, आणि कितीतरी वेळ कुणीच येत नाही. मग जयवंत आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "वाढ गं, भूक लागलीय."

कुणी हसलं नाही. त्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. आणि मागच्या रांगेतून कुठल्याशा बाईचा खणखणीत आवाज आला:

"गेली ती! घे आता हाताने वाढून!"