हवेचं भाडं

आत्मारामला मोकळी जागा सहन होत नसे. दुबईच्या देऱ्यात धक्क्याजवळ माझं कार्गोचं छोटं ऑफिस आहे, तिथे तो तेवीस वर्षं पॅकिंग करतोय. लाकडी लाँचवर भाडं लागतं ते माल किती जागा खातो त्यावर. म्हणून फ्रीजच्या पोटात चपला, चपलांत चमचे. "सुलभाताई, हवेचं भाडं कशाला द्यायचं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. तू मेलास तर पेटीत तुझ्यासोबत चार कुकर घालून पाठवीन, असं मी एकदा वैतागून म्हटलं होतं. तो मनापासून हसला होता.

रुकय्या आमची जुनी गिऱ्हाईक, कोमोरोस बेटांवरची. वर्षातून एकदा विमानाने यायची, गाद्या, पत्रे, साबण घ्यायची आणि माल लाँचने पाठवायची. हिंदी ती देऱ्याच्या बाजारातच शिकली. तिच्या बेटावर सुईसुद्धा बाहेरून येते. धड हॉस्पिटल पलीकडच्या बेटावर, आणि मधला समुद्र ओलांडायला मासेमारीच्या होड्या. इथे आमची लिफ्ट दोन मिनिटं अडकली तरी आम्ही थयथयाट करतो. तिच्यासमोर मला लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वी तिने त्या होड्यांसाठी लाइफ जॅकेटं मागितली. नवी परवडत नव्हती. सहलीच्या बोटींवरून काढलेली, जुनी पण चांगली चाळीस जॅकेटं मी मिळवून दिली. आत्मारामने ती तळाशी अंथरली, वर सहा फ्रीज ठेवले आणि दोर आवळला. जॅकेटं पापडासारखी चपटी झाली. तेव्हा मी त्याची पाठ थोपटली, हेही सांगायला हवं. लाँच वाटेत रखडली आणि माल दोन महिने तसाच दबून राहिला.

पुढच्या वर्षी रुकय्या आली ती पार वाळलेली. मुलीचं बाळंतपण अडलं, तिला हॉस्पिटलला नेताना होडी उलटली.

"जॅकेट पहना था," ती म्हणाली. "मैंने खुद बाँधा था. फिर भी नीचे गई."

मी नशिबाचं काहीतरी पुटपुटले. आत्माराम उठून बाहेर गेला.

तेव्हापासून त्याचं हे खूळ. खुर्चीत बसला की फोममध्ये अंगठा रुतवायचा आणि खळगा भरून येतो का ते बघत राहायचा. मेट्रोच्या सीटवर, दुकानातल्या गादीवर, पावावरसुद्धा. भरदुपारी एसीच्या घरघरीत त्याला कोणीतरी पाणी गिळतंय असं ऐकू येई. त्याच सहलीच्या बोटींवरची दोन जादा जॅकेटं गोदामात उरली होती. एक त्याने फ्रीजखाली दोन महिने दाबून ठेवलं, मग दोन्हींना सारखीच वीट बांधून पाण्याच्या पिंपात सोडलं. एक तरंगलं. दाबलेलं तळाशी गेलं. हात धरून त्याने मला ते दाखवलं, आणि तिला सांगू का, असं विचारलं.

खलास, विषय बंद, मी म्हटलं. सांगून पोरगी परत येणार नाही, गिऱ्हाईक मात्र जाईल. असं मी बोलले. तो वर्षभर गप्प राहिला.

या जानेवारीत रुकय्या यादी घेऊन आली. यादीत पुन्हा वीस जॅकेटं होती.

"दबाके भरना, आत्माराम. जैसे तुम भरते हो."

तो उभा राहिला. "सिस्टर, वो जॅकेट मैंने नीचे रखा था. ऊपर छह फ्रिज. फोम मर गया था. मैंने मारा."

आम्ही दोघांनी, असं मी म्हणायला हवं होतं.

रुकय्याने यादीची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग एकच विचारलं, चाळीसांतली किती खाली होती. सगळी, तो म्हणाला. तशी ती घाईघाईने पर्समध्ये फोन शोधू लागली, आणि मला उशिरा उमगलं. उरलेली एकोणचाळीस जॅकेटं तिकडे रोज कोणीतरी घालत होतं. एवढ्या वर्षभरात हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

ती तिच्या भाषेत भावाशी बोलली, तो होड्या चालवतो. फोन टेबलावर ठेवला. काय म्हणाला, असं आत्मारामने विचारलं.

"बोट सुबह निकल गया," ती म्हणाली. "सबने जॅकेट पहना है."

मग आम्ही तिघं पलीकडच्या बेटावरून फोन येण्याची वाट बघत बसलो.