हिरवे बटाटे

आईने बटाटे लावले ते मला टाळायला, असं माझं आजही मत आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ती कोपर स्टेशनजवळच्या घरी मोरीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण पाऊण तास तिला उठता आलं नव्हतं. मला हे कळलं दोन दिवसांनी, तेही वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून. बाबा गेल्यापासून त्या तळमजल्याच्या दोन खोल्यांत ती एकटी राहत होती. इकडे घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर मी तिच्यासाठी एक खोली रिकामी ठेवलेली. मी सांगूनच टाकलं, दिवाळी झाली की सामान बांधायचं. ती चक्क हो म्हणाली.

दिवाळी संपल्यावर पहिल्याच रविवारी मी गेले, तर ती मागच्या दारी विळी घेऊन बटाटे चिरत बसली होती. भाजीसाठी नव्हे. प्रत्येक फोडीवर दोन डोळे राहतील अशा बेताने चिरायची आणि कापलेल्या बाजूला देवापुढच्या उदबत्त्यांची जमवलेली राख चोळायची.

"हे काय आता?"

"लावतेय. तीन महिन्यांचं पीक आहे. महाशिवरात्रीला उपासाला घरचे बटाटे खाऊ, मग येते तुझ्याकडे."

मागची जागा म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली चार पावलं रुंदीची पट्टी. मोरीच्या पाण्यावर अळू, भिंतीकडेला मिरच्या, मध्ये मेथी आणि लाल माठ. माती कमी आणि विटांचे तुकडेच जास्त, पण आईने ती वर्षानुवर्षं चाळून, भाजीची देठं आणि चहाचा चोथा घालून कामाला लावली होती. तिथे आता बटाट्याच्या दोन ओळी आल्या.

तीन महिने! माझा स्वभाव असा, की कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी दोनदा ओट्याशी जाऊन येते. आईला दिवसाला चार फोन ठरलेले. उठलीस का, जेवलीस का, गोळी घेतलीस का, मोरीत ती रबरी मॅट टाकली आहेस ना. एकदा तिने तासभर फोन उचलला नाही. मी ऑफिसातून तशीच उठले, रिक्षा केली, माणकोलीच्या पुलावरून जाताना नको नको ते डोळ्यांपुढे आलं. पोचले तर बाई मेथीला पाणी घालतायत आणि फोन फ्रिजवर.

"अगं, मातीचे हात होते," ती म्हणाली. मी तिच्यावर इतकी ओरडले की वरच्या वहिनी गॅलरीत आल्या.

रोपं वर आली, आईने त्यांच्या बुडाशी मातीची भर दिली. मला मात्र खाली काय चाललंय ते दिसेना. म्हणून दर रविवारी ती चहा टाकायला आत गेली की मी दाराजवळच्या ओळीशी उकिडवी बसायचे आणि बोटांनी माती उकरून बघायचे. आधी काहीच नव्हतं. मग हरभऱ्याएवढं, मग सुपारीएवढं. कपबशीचा आवाज आला की घाईघाईने माती सारखी करायची. दर वेळी वाटायचं, चला, एक आठवडा कमी झाला. आईला यातलं काही कळत नाही अशी माझी समजूत होती.

पानं पिवळी पडल्यावर आईने पाणी तोडलं. साल घट्ट होऊ दे म्हणाली, बारा दिवस हात लावू नकोस. तेराव्या दिवशी मी दुकानातून मागून आणलेले आठ मोठे खोके घेऊन हजर झाले, सामान भरायला.

आईने खुरपं घेतलं. भिंतीकडच्या ओळीतून लिंबाएवढे, पण छान पिवळसर बटाटे निघाले. दाराजवळच्या ओळीतले जवळजवळ सगळे हिरवे होते.

"ऊन लागलं यांना," ती म्हणाली.

"मातीतल्या बटाट्यांना ऊन कसं लागेल?" मी विचारलं आणि विचारता विचारताच मला माझे रविवार आठवले.

तिने माझ्या नखांकडे बघितलं. "मला आधी घुशीचा संशय होता. पण घूस फक्त रविवारीच कशाला येईल?"

मग तिने हिरवे बटाटे वेगळ्या टोपलीत टाकले. हे कडू होतात, पोटाला बाधतात, पण बियाण्याला चालतील म्हणाली.

"बियाण्याला म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या दिवाळीला."

माझं डोकंच फिरलं. "तुला यायचंच नाहीये! सरळ सांग ना तसं."

"यायचं नसतं तर नाही म्हटलं असतं." ती खुरपं पुसत होती. "मी पडले ते तुला का सांगितलं नाही? तू त्याच दिवशी मला उचलून नेलं असतंस. थोडं झाकलेलं राहू दे की गं. दिवसातून चार वेळा उघडून बघतेस मला."

मला ते फार लागलं. मला भीती वाटते गं, एवढंच म्हणायचं होतं, ते काही तोंडातून निघालं नाही. महाशिवरात्रीला चांगल्या बटाट्यांची दाण्याचं कूट घातलेली भाजी झाली. आम्ही दोघींनी ती खाल्ली. खोके रिकामेच परत आले.

ते बियाणं काही टिकलं नाही. वैशाखात कॉटखालच्या टोपलीतून वास यायला लागला आणि आईने ते गुपचूप टाकून दिलं. मी मनातून खूश झाले. पण दिवाळी झाल्यावर तिने बाजारातून कोंब फुटलेले बटाटे आणले आणि पुन्हा राख चोळायला बसली.

या वेळी मी हात लावला नाही. फोन चारावरून दोनावर आणले; तिसरा लावायचे आणि रिंग जायच्या आत कापायचे. रविवारी ती चहा टाकायला गेली की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून मागच्या पायरीवर बसायचे.

एका मंगळवारी ऑफिसात फोन वाजला. आईचा. ती स्वतःहून कधीच करत नाही. मी ताडकन उभी राहिले.

"काय झालं?"

"कुठे काय झालंय? बटाटे तयार झालेत. रविवारी ये काढायला."

"बरं."

"आणि येताना ते खोके आण. गेल्या वर्षीचे."

खोके वर्षभर आमच्याकडे तिच्यासाठी ठेवलेल्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते. त्या संध्याकाळी मी ते खाली नेऊन गाडीत भरले, आणि रविवारच्या आधी निघू नये म्हणून गाडीची किल्ली नवऱ्याकडे देऊन ठेवली.