वटवट्या ऐकू येईना

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आणि माझा एक जुना सहकारी सोलापूरबाहेरच्या माळावर पक्ष्यांची गणना करायला जायचो. सकाळी गवतातून चालायचं, आवाज आला की थांबायचं, बोटानं दिशा दाखवायची. बोलणं फारसं नसायचं. मग त्याचे गुडघे दुखायला लागले आणि तो अक्कलकोटला मुलाकडे राहायला गेला.

पुढे आमच्या पक्षिमित्रांच्या गटानं आवाज टिपणारी यंत्रं आणली. आता हिवराच्या फांदीला डबी बांधायची, काही दिवसांनी तिचं कार्ड आणून घरच्या कॉम्प्युटरला लावायचं. पक्षी कोणता ते कॉम्प्युटरच सांगतो, माणसानं ऐकून खात्री तेवढी करायची. एकट्यानं होणारं काम. पत्नी गेल्यापासून घरात मी एकटाच. खोलीत माळावरचा वारा आणि तितर वाजू लागले की बरं वाटायचं.

एकदा पडद्यावर वटवट्याचं नाव ओळीनं येऊ लागलं. गवतातला चिमुकला पक्षी, आवाज अगदी बारीक. मला मात्र वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. आवाज वाढवला, हेडफोन बदलला. यंत्रच चुकतंय असं वाटलं, कारण मित्र अक्कलकोटला गेल्यापासून माळावर मला वटवट्या आढळलाच नव्हता. नांगर फिरला, गवत गेलं, त्याबरोबर तोही गेला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. मनाला लावूनही घेतलं होतं.

तरी तो तुकडा मित्राला पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

“वटवट्याच हाय की. लई स्पष्ट येतोय.”

“नक्की?” मी म्हटलं. तेव्हा त्यानं हळूच विचारलं, “तुला न्हाय येत ऐकू?”

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. वयामुळे बारीक आवाज गेलेत, म्हणाले. दोघं जायचो तेव्हा बोट तोच आधी दाखवायचा, आणि मलाही ऐकू आलं असं मला वाटायचं.

पक्षी आहेत याचा आनंद खरा होता. तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

कानात मशीन घातलं, पण माळावरच्या वाऱ्यात ते नुसतं खरखरतं. परवा काढून खिशात ठेवलं आणि बांधावर बसलो. समोर गवताच्या काडीवर वटवट्या येऊन बसला. शेपटी हलत होती, चोच उघडत होती, मिटत होती. ऊन तापेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिलो.