कोऱ्या कपाळाची गाडी

निवृत्त झाल्यापासून लोक एकच विचारतात, साहेब, नोकरीतली सगळ्यात अवघड केस कोणती? त्यांना खून-दरोड्याचं ऐकायचं असतं. मी त्यांना एका पांढऱ्या गाडीचं सांगतो. हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालो आणि धुकं असलं, की ती गाडी अजून माझ्यासमोर येऊन उभी राहते.

तेव्हा मी पोलीस निरीक्षक होतो. चिकलठाण्याच्या पुढचा जालना रोडचा पट्टा आमच्या ठाण्याच्या हद्दीत यायचा. एका सकाळी हजेरी चालू असतानाच फोन आला, रस्त्यावर एक मेंढपाळ मरून पडलाय. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं, की आधी मेंढरांचा आवाज आला आणि मग मेंढरं दिसली. कडेला एक बाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक पांढरी मेंढी मरून पडलेली. बाई रडत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

पंचनामा झाला. तिचा जबाब मी स्वतः घेतला. गाडीचा नंबर विचारला.

"मला वाचता येत नाय साहेब. पण वाचाया काही नव्हतंच. कपाळ कोरं होतं तिचं."

"आत कोण होतं?"

"दोघं. एक म्हातारा चालवीत होता. शेजारी एक बसलेला. त्याला डोस्कं होतं, पण तोंड नव्हतं."

माझ्या हवालदाराचा पेन थांबला. मी म्हटलं, "लिहा. साक्षीदार सांगते तसं लिहा."

"गाडी थांबली साहेब. म्हातारा खाली नाय उतरला. शेजारच्याकडं वळून काहीतरी बोलला, मग निघून गेला."

अज्ञात वाहनचालकावर गुन्हा दाखल केला. पण वाड्यावर, म्हणजे मेंढरं बसवली होती त्या मुक्कामावर, चौकशीला गेलो तर तिथं निराळंच. ती गाडी सगळ्यांनी पाहिलेली. बऱ्याच सकाळी ती बाभळीखाली येऊन उभी राहायची, इंजिन चालू, कोणी उतरायचं नाही, ऊन पडायच्या आत निघून जायची. मयताचा थोरला भाऊ ठामपणे म्हणाला, "साहेब, ती माणसाची गाडी नाय. तुमी उगा तकलीफ घेऊ नका." आणि त्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला, "हिनंच टोकलं तिला. चार दिसांमागं जवळ जाऊन 'कोन हाय, पानी पाहिजे का' म्हनून हाक मारली. असल्याला हाक मारली की ते मागं लागतंय. माझा भाऊ खाल्ला हिनं."

त्यांचं ठरलं होतं. दिवसकार्य झालं की वाडा पुढं हलणार. पोरं चुलत्याबरोबर जाणार, ती माहेरी.

दुसऱ्या दिवसापासून ती ठाण्याच्या पायरीजवळ येऊन बसायला लागली. चहा दिला तर घ्यायची नाही. मी दिसलो की उठायची.

"साहेब, माणूस होता का भूत होतं, एवढंच सांगा. भूत निघालं तर माझी पोरं गेली."

मी म्हटलं, "बाई, आमच्या ठाण्यात आजवर एकाही भुताला अटक झालेली नाही. जो पळून जातो तो माणूसच असतो. भुताला कसली भीती?" ती हसली नाही. माझं मलाच वाईट वाटलं.

सीसीटीव्ही तपासला. पेट्रोल पंपाचा कॅमेरा, एका कंपनीच्या गेटचा कॅमेरा, चौकातला कॅमेरा. लोक मला आजही विचारतात, मागं नंबर असतोच की, पुढं कशाला पाहिजे? अरे बाबांनो, तुम्ही उभे असता तिथं गाडी समोरून येते! कॅमेरा बघतो समोरून, चौकातला शिपाई बघतो समोरून, आणि जो तिच्याखाली जाणार असतो तोही समोरूनच बघतो. मागची पाटी दिसेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, वर धूळ नाहीतर धुकं. आमच्याकडे तेच झालं. प्रत्येक फुटेजमध्ये दोन दिवे, पांढरं बॉनेट आणि मधोमध जिथं काहीतरी असायला हवं तिथं काहीच नाही. एका ठिकाणी चित्र थांबवलं तर हवालदार म्हणाला, "साब, बंद करो ना वो. अपने कू ही देख रही है." वीस-बावीस वर्षं मढी उचललेला माणूस, पण त्यानं तोंड फिरवलं होतं. खरं सांगायचं तर मीही स्क्रीनकडे तिरकाच बघत होतो.

खबर लागली ती क्रांती चौकाजवळच्या एका नंबरप्लेटच्या दुकानातून. हवालदार तिथं स्वतःच्या मोटारसायकलचं काम करायला गेला, तर दुकानदार चहा पिता पिता सांगायला लागला. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ पांढरी गाडी घेऊन आले होते. पुढची पाटी पिशवीत होती, कंपनीचं लॉक तोडलेलं. साध्या स्क्रूनं बसवून द्या म्हणाले. पाटीवर वाळलेलं हळदकुंकू आणि झेंडूची पाकळी चिकटलेली. दुकानदार फडका मारायला गेला तर म्हातारा किंचाळलाच, "पुसू नका! हात लावू नका त्याला!" दुकानदारानं मित्रांना दाखवायला मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. त्यात नंबर स्वच्छ होता.

आरटीओकडून पत्ता मिळाला. शांत कॉलनी, नीटनेटका बंगला. गृहस्थ कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. घराणं मूळचं भिक्षुकीचं, देवघर ऐसपैस. आम्हाला बसायला सांगितलं, पाणी आलं. प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "पुढची पाटी सैल झाली होती, बसवून घेतली. त्यात गुन्हा काय? मागे नंबर होताच की. आम्ही काय दरोडे घालतो?"

मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो. देवघराशेजारी एका तरुण मुलाचा फोटो होता, ताजा हार घातलेला. फोटोखाली चौरंग. चौरंगावर हळदकुंकू आणि फुलं अशी वाहिलेली, की मधोमध एक लांबट जागा कोरी राहिली होती. पाटीएवढी. रोज त्या वस्तूवर कोणीतरी कुंकू वाहत होतं, आणि ती वस्तू आता तिथं नव्हती.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी आतून आल्या. आम्ही कोण, कशाला आलो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं. नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ती परत आणून ठेवा ना. जागा रिकामी बघवत नाही हो."

प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

पंचांसमोर गाडीची तपासणी केली. पुढची पाटी काढली, तर तिच्यामागच्या पट्टीच्या फटीत लोकरीचा पुंजका अडकलेला, त्याला गुलाबी रंग. त्या वाड्यावरच्या प्रत्येक मेंढीच्या कपाळाला तोच गुलाबी रंग होता. गाडी धुवून चकाचक केली होती. पण घाईघाईत पाटी बसवून घेतली ती नेमकी पुराव्यावरच. मग डावं दार उघडलं. पुढच्या डाव्या सीटवर टोपीचं निळं जर्किन चढवलेलं, टोपी डोकं टेकायच्या उशीवर ओढलेली आणि वरून सीटबेल्ट लावलेला. हवालदारानं "या अल्लाह" म्हणून पाय मागं घेतला. बाईनं जबाबात सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता.

ठाण्यात आणल्यावरही प्राध्यापक कबूल होईनात. लोकर रस्त्यात कुठंही अडकू शकते म्हणाले. मी आवाज चढवला नाही. शिकलेल्या माणसावर आवाज चढवला की तो वकील होतो. मी फक्त विचारलं, "त्या सकाळी शेजारी कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच होतो."

"साक्षीदार म्हणते दोघं होते."

ते खुर्चीतून उठले. चेहरा एकदम उजळला, हो, उजळलाच. माझा हात धरून म्हणाले, "तिलाही दिसला? खरंच दिसला तिला?"

आयुष्यभर कबुलीजबाब ऐकले, पण त्या आनंदानं माझ्या अंगावर जो काटा आला तो पुन्हा कधी आला नाही.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा कंपनीत होता. दसऱ्याला त्यानं स्वतःच्या बोटानं पाटीला कुंकू लावलं, आणि दिवाळीच्या आत एका सकाळी कामावरून परतताना त्याच बाभळीखाली गाडी कडेला घेऊन बसल्या जागी गेला. हृदय बंद पडलं. आई म्हणाली, त्याच्या बोटाचा ठसा आहे, पाऊस-धूळ लागायची नाही. म्हणून पाटी काढून चौरंगावर ठेवली. बाप रोज पहाटे मुलाचं जर्किन शेजारी बसवायचा आणि त्याला तिथं घेऊन जायचा.

"मी समोर बघतच नव्हतो," ते म्हणाले. "त्याच्याशी बोलत होतो. धडकल्यावर त्यालाच विचारलं, आता काय करू रे? तो काही बोलला नाही. म्हणून घरी आलो."

मला त्यांची दया आली आणि रागही आला. स्वतःचा मुलगा शेजारी बसवला होता, आणि दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा रस्त्यावर टाकून आले होते. अटक केली.

वाडा हलायच्या आदल्या दिवशी मी त्या बाईला आणि तिच्या थोरल्या दिराला ठाण्यात बोलावलं. गाडी आवारात उभी होती. दीर लांबच थांबला. मी त्याचा हात धरला आणि बॉनेटवर ठेवला. उन्हानं पत्रा तापला होता. त्यानं चटका बसून हात काढला, मग पुन्हा ठेवला.

"लोखंडच हाय की," तो म्हणाला.

"आणि चालवणारा कोठडीत आहे. बघायचा?"

त्यानं मान हलवली, नको म्हणून. बाई पुढं आली. पाटी मुद्देमालात जमा होती, तिथं नुसती भोकं होती. तिनं त्या जागेवर पंजा ठेवला.

"साहेब, आमी मेंढराच्या कपाळाला बी रंगाची खूण करतो. चुकलं तर कुनाचं ते कळावं. शिकल्याल्या मानसांना एवढं बी नाय कळलं व्हय?"

दिरानं बॉनेटवरचा हात काढला. मग तिच्याकडे न बघताच म्हणाला, "चल बाई. पोरं वाट बघत्यात."

ती पदर सावरून त्याच्या मागं निघाली. फाटकापाशी पोचल्यावर पहिल्यांदा रडली.

त्या केसनं मला शिकवलं ते एवढंच, की आपलं दुःख कितीही मोठं असलं तरी समोरून कोणीतरी येत असतं, आणि आपण कोण आहोत हे कळण्याचा त्याला हक्क असतो. आजही धुक्यात गाडी आली की मी आधी तिच्या कपाळाकडे बघतो. नंबर दिसला की मगच रस्ता ओलांडतो.